पेन सेंटर, सेंट हेलेना बेट: वंशभेदावरच्या निवासी शिबिरासाठी ही जागा कशी आहे?

साउथ कॅरोलायनाच्या किनाऱ्यावर, ब्युफर्ट गावातून लेडीज आयलंड पार केलं की सेंट हेलेना बेट लागतं. तिथे जुन्या ओक झाडांखाली सुमारे पन्नास एकर आवारात पेन सेंटर आहे. अमेरिकेत गोरे आणि कृष्णवर्णीय यांनी एकत्र राहून वंशभेदावर काम करायचं असेल, तर जागेसाठी आमची पहिली शिफारस हीच असते. सोबत एक इशाराही असतो. जागेला एवढा इतिहास आहे, म्हणजे शिबिर आपोआप चांगलं होईल असं धरून चालणारे गट इथून छान फोटो घेऊन परततात, पुढे काही होत नाही.

गेल्या काही वर्षांत 'वंशभेदाच्या जखमा भरून काढणारं शिबिर' असं लिहिलेल्या जागा अमेरिकेत खूप झाल्या. 2016 मध्ये केलॉग फाउंडेशन या देणगीदार संस्थेने या विषयावर देशभर मोठा उपक्रम सुरू केला. 2017 पासून जानेवारीत, मार्टिन ल्यूथर किंग दिनाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, त्यासाठी खास दिवस पाळला जातो. त्या उपक्रमाची मांडणी नीट वाचली, तर मनं जुळवणं हा पाच भागांपैकी एक आहे. बाकीचे चार म्हणजे इतिहास कसा सांगितला जातो, वस्त्यांची फाळणी, कायदा आणि अर्थव्यवस्था. बहुतेक शिबिरं पहिलाच भाग करून थांबतात, कारण तो एका सुट्टीत उरकता येतो. पेन सेंटरचं वेगळेपण असं की इथे बाकीचे चार भाग आवाराच्या फाटकाबाहेर पाऊल टाकताच दिसतात.

थोडा इतिहास सांगावाच लागेल, कारण शिबिराची आखणी त्यावरच उभी राहते. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 7 नोव्हेंबर 1861 रोजी, उत्तरेच्या आरमाराने पोर्ट रॉयलची खाडी ताब्यात घेतली. कापसाचे मळेवाले सगळं टाकून पळाले आणि आसपासच्या बेटांवर सुमारे दहा हजार गुलाम माणसं मालकाविना राहिली. 1862 मध्ये पेनसिल्व्हेनियाहून आलेल्या लॉरा टाउन आणि त्यांची मैत्रीण एलन मरी यांनी त्यांच्यासाठी शाळा काढली. त्याच वर्षी शार्लट फोर्टन ही फिलाडेल्फियाची कृष्णवर्णीय शिक्षिका त्यांना येऊन मिळाली. शाळा लवकरच ब्रिक चर्चमध्ये भरू लागली. हे चर्च 1855 मध्ये गुलामांनीच बांधलेलं, पण त्यांना बसायला जागा मात्र फक्त वरच्या सज्ज्यात. चर्च आजही आवारासमोर उभं आहे आणि तिथे नियमित प्रार्थना होते. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या ज्या माणसांना अर्पण केली, त्या फळीतली ही माणसं. मराठी वाचकाने हे डोक्यात ठेवून आवारात फिरावं.

शाळा 1948 मध्ये बंद झाली आणि तिचं आवार, म्हणजे आजचं पेन सेंटर, सामाजिक कामासाठी वापरात आलं. दक्षिणेत तेव्हा गोऱ्या आणि काळ्या माणसांनी एका छपराखाली रात्र काढावी अशा जागा हातावर मोजण्याइतक्या होत्या. कोर्टनी सिसलॉफ या गोऱ्या, क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या संचालकांच्या काळात पेन सेंटरने ते दार उघडं ठेवलं. म्हणून साठच्या दशकात किंग आणि त्यांची संघटना वारंवार इथे बैठकांना येत. किंग राहत ती गँट कॉटेज अजून आहे. नोव्हेंबर 1967 मध्ये गरिबांच्या वॉशिंग्टन मोहिमेवरची निर्णायक चर्चा इथेच झाली. खाडीच्या काठी त्यांच्यासाठी एक विश्रामगृहही बांधलं गेलं, पण 1968 मध्ये हत्या झाल्यामुळे ते त्यात कधी राहिले नाहीत. आवाराला 1974 मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आवारातला डारा हॉल आणि ब्रिक चर्च 2017 मध्ये राष्ट्रीय स्मारकात घेतले गेले, आणि 2019 मध्ये त्या स्मारकाचं राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही या जागेला सर्वांत जास्त गुण देतो ती: जमीन. बेटावर गला-गीची समाज राहतो. पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे हे वंशज, आणि त्यांची भाषा आणि टोपल्या विणण्याची कला इथे टिकली. मालक पळाल्यावर कर थकला, मळे सरकारजमा झाले, त्यातले तुकडे मुक्त झालेल्या कुटुंबांनी विकत घेतले. पुढे मृत्युपत्र न करता पिढ्यान्‌पिढ्या ती जमीन वारसांच्या नावे सामायिक राहिली. आपल्याकडे आजोबांच्या नावचा सातबारा तसाच राहतो आणि चाळीस नातवंडांचा अविभक्त हिस्सा त्यात अडकतो, अगदी तसंच. मग होतं असं: न्यू यॉर्कला राहणाऱ्या एखाद्या वारसाकडून बिल्डर त्याचा छोटा हिस्सा विकत घेतो, कोर्टात वाटणीचा दावा लावतो, जमिनीचे सारख्या मोलाचे तुकडे पडत नाहीत म्हणून कोर्ट सगळीच विकायला लावतं, आणि लिलावात पैसा बिल्डरकडेच असतो. शेजारच्या हिल्टन हेड बेटावर गोल्फची मैदानं आणि फाटकबंद वसाहती उभ्या राहिल्या, त्यात कृष्णवर्णीयांच्या हातून जमीन जाण्याची ही एक मोठी वाट होती.

साउथ कॅरोलायनात 1 जानेवारी 2017 पासून नवा कायदा लागू आहे. त्याला क्लेमेंटा पिंकनी यांचं नाव दिलेलं आहे, 2015 मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये मारले गेलेले आमदार आणि पाद्री. या कायद्याने कोर्टाला आधी जमिनीची बाजारभावाने किंमत काढावी लागते, आणि विक्री मागणाऱ्याचा हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी बाकीच्या वारसांना मिळते. सेंट हेलेनावर 1999 पासून ब्युफर्ट काउंटीने गोल्फ मैदानं, रिसॉर्ट आणि फाटकबंद वसाहतींना बंदी घातलेली आहे. 2023 मध्ये पाइन आयलंडवर गोल्फ मैदानासाठी ही बंदी उठवण्याचा प्रयत्न झाला आणि काउंटीने तो नाकारला. पेन सेंटरने जमीन टिकवण्याच्या या कामात दशकानुदशकं लोकांना साथ दिली आहे. शिबिरात दुसऱ्या दिवशी सकाळी दीड तास यासाठी ठेवा. स्थानिक जाणकार बोलवा, एक खरीखुरी वारसांची वंशावळ नावं झाकून फळ्यावर काढा, कोणाचा किती हिस्सा होतो ते सहभागींना स्वतः मोजू द्या. एक बत्तीसांश हिस्सेदाराच्या दाव्याने पूर्ण शेत कसं जातं हे एकदा हाताने मोजलं, की 'जुन्या गोष्टी कशाला उकरायच्या' हा प्रश्न खोलीत उरत नाही.

शिबिराची आखणी कशी असावी? तीन रात्री, चार दिवस. दोन रात्रींत इथे काही होत नाही, कारण पहिला दिवस प्रवासात आणि शेवटचा विमान पकडण्यात जातो. माणसं वीस ते चोवीस. त्यापुढे गेलात तर दोन गोल करा, नाहीतर मागे बसलेले गप्प राहतात. प्रत्येक गोलाला दोन फॅसिलिटेटर, म्हणजे चर्चा चालवणारे, वेगवेगळ्या वंशाचे, आणि दोघांना समान मानधन. हे शेवटचं वारंवार चुकतं: गोरी फॅसिलिटेटर 'तज्ज्ञ' म्हणून येते आणि कृष्णवर्णीय सहकारी 'अनुभव सांगायला', अर्ध्या पैशात. सहभागींना ते पहिल्या तासात कळतं.

खुर्च्या गोलात, मध्ये टेबल नको. सुरुवात जोड्यांनी करा. एकाने तीन-चार मिनिटं बोलायचं, दुसऱ्याने फक्त ऐकायचं. मान डोलवली तर चालेल, पण 'माझंही असंच झालं' म्हणायचं नाही. मग अदलाबदल. प्रश्न नेमका द्या. 'वंशभेदाबद्दल तुम्हाला काय वाटतं' विचारलंत तर भाषणं ऐकाल. 'आपल्या रंगाची जाणीव पहिल्यांदा कुठे झाली, तेव्हा खोलीत कोण होतं' असं विचारलं तर माणूस बोलतो. जोड्यांनंतर मोठा गोल, आणि त्यात दुसऱ्याची गोष्ट सांगायची नाही, फक्त स्वतःची.

दुसऱ्या दिवशी दुपारी वेगवेगळे गट: कृष्णवर्णीय एका इमारतीत, गोरे दुसऱ्या, इतर तिसऱ्या. नव्वद मिनिटं. इमारती वेगळ्या असणं इथे सहज जमतं आणि हा पेन सेंटरचा मोठा फायदा आहे. हॉटेलात सरकत्या पडद्याच्या पलीकडे दुसरा गट बसलेला असतो, कोणी मोकळं बोलत नाही. या बैठकीनंतर लगेच सगळ्यांना एकत्र आणू नका. अर्धा तास चालायला सोडा, खाडीच्या दिशेने रस्ता सपाट आहे.

बिघडतं कुठे, तर बहुधा तिसऱ्या सत्रात. कोणीतरी गोरा सहभागी ऐकता ऐकता रडू लागतो आणि सगळी खोली त्याची समजूत काढायला धावते. ज्या बाईने नुकतंच आपल्या मुलाला पोलिसांनी अडवल्याचं सांगितलं, तिचं बोलणं तिथेच राहतं. रडणाऱ्याला एका फॅसिलिटेटरने शांतपणे बाहेर न्यावं, दुसऱ्याने बोलणाऱ्या बाईकडे परत यावं. हे आधी ठरलेलं हवं, त्या क्षणी सुचत नाही. दुसरा बिघाड: कृष्णवर्णीय सहभागींनाच चारही दिवस शिक्षक बनवणं. वाचन आणि इतिहास आधी दोन ऑनलाइन बैठकांत उरका, म्हणजे 'आम्हाला समजावून सांगा ना' ही पाळी येत नाही.

स्वयंपाकघराबद्दल थोडं अधिक लिहितो, कारण आयोजक ते कॅटररवर सोपवून मोकळे होतात. चळवळीतल्या माणसांना शिकवणाऱ्या टेनेसीतल्या हायलँडर केंद्रात 1955 च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स ही कृष्णवर्णीय कार्यकर्ती दोन आठवडे होती. सकाळी कॉफीचा आणि नाश्त्याचा वास येतोय आणि तो नाश्ता गोरी माणसं आपल्यासाठी करताहेत, या गोष्टीचं सुख त्यांनी पुढे आवर्जून नोंदवलं. बेचाळीस वर्षांच्या आयुष्यात हे उलटं झालेलं त्यांनी क्वचितच पाहिलं असणार. म्हणून पानं वाढणं, टेबलं पुसणं, कॉफी करणं याची पाळी लावा आणि पहिल्या सकाळची पाळी गोऱ्या सहभागींची ठेवा. मुख्य जेवण मात्र बेटावरच्या माणसांकडूनच घ्या आणि त्यांना पूर्ण दर द्या. तांबडा भात, भेंडी, तसंच कोळंबी, मक्याचं कणीस आणि सॉसेज घालून उकडलेलं फ्रॉगमोर स्ट्यू, सगळं उत्तम. शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावं: तांबड्या भातात बहुधा सॉसेज असतं आणि कॉलर्डची पालेभाजी धुरावलेल्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवतात. 'व्हेज' एवढं सांगून भागत नाही. 'भाजीत, भातात, रश्शात मांस किंवा त्याचं पाणी नको' असं लिहून द्या, दोन आठवडे आधी.

आता उणिवा. इमारती जुन्या आहेत. काहींना पायऱ्या आहेत, वसतिगृहाच्या पद्धतीच्या खोल्यांत न्हाणीघर सामायिक असतं. दुरुस्तीनुसार कोणती इमारत खुली आणि कोणती बंद हे बदलतं, म्हणून आरक्षणाआधी इमारतीचं नाव घेऊन विचारा: मुक्कामाला कोणती, सभेला फ्रिसेल हॉल मिळेल का, चाकाची खुर्ची कुठपर्यंत जाते, खोल्यांत एसी आहे का. वयस्कर सहभागी असतील तर काही खोल्या ब्युफर्टमध्ये घ्याव्या लागतील, पण त्यामुळे रात्रीच्या गप्पा तुटतात, आणि निवासी शिबिराचा अर्धा जीव त्या गप्पांत असतो.

हवा: जून ते सप्टेंबर टाळा. उकाडा, दमटपणा आणि वादळं. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर, तेव्हा बेट रिकामं करायचा आदेश निघू शकतो. करारात रद्द करण्याचं कलम त्यासाठी वेगळं घाला. मार्च-एप्रिल आणि ऑक्टोबर चांगले, पण तेव्हाच नो-सी-अम नावाची चिलटं सकाळ-संध्याकाळ वारा पडला की चावतात, आणि साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येतात. संध्याकाळचं सत्र उघड्यावर ठेवायचं असेल तर मोठे पंखे लावा, त्या वाऱ्यात ती टिकत नाहीत. खाडीकाठी जायचं तर भरतीचं वेळापत्रक पाहा. इथे भरती-ओहोटीत सात-आठ फुटांचा फरक पडतो आणि ओहोटीला समोर फक्त चिखल असतो.

सवाना विमानतळ गाडीने तासा-सव्वा तासावर, चार्ल्स्टन दीड-दोन तासांवर. अटलांटाहून साधारण पाच तास, शार्लटहून चार. बस-रेल्वेच्या भरवशावर राहू नका, व्हॅन भाड्याने घ्या. ब्युफर्टमधला वुड्स पूल बोटींसाठी फिरून उघडतो आणि मग गाड्यांची रांग लागते. विमानाची वेळ असेल तर मॅकटीर पुलावरून जा.

बेटावर लाकडी, छोटी 'प्रेझ हाउस' आहेत, गुलामांची प्रार्थनाघरं. जुन्यांपैकी तीन उरली आहेत. ती पाहायला चोवीस माणसं कॅमेरे घेऊन नेऊ नका. आधी परवानगी, छोटे गट, फोटो नाहीत. बोलायला आलेल्या ज्येष्ठांचं मानधन त्याच दिवशी पाकिटात द्या, तीन आठवड्यांनी चेक नको.

फी सगळ्यांना सारखी ठेवली की खोलीत कोण येतं ते आधीच ठरतं. समजा माणशी खर्च 600 डॉलर येतो आणि माणसं 24, म्हणजे एकूण 14,400. सहा जागा मोफत, सहा जागा 400 ला, बारा जागा 1,000 ला दिल्या की तेवढीच रक्कम जमते. हा हिशेब अर्जातच छापा. कोणाला किती पडले याची कुजबुज होत नाही आणि 1,000 भरणाऱ्याला आपण कशासाठी भरतो हे कळतं.

हायलँडरशी तुलना होणारच. ते 1932 मध्ये टेनेसीतल्याच मॉन्टीगलला सुरू झालं, 1961 मध्ये राज्याने त्याची सनद रद्द करून मालमत्ता लिलावात काढली, आता ते नॉक्सव्हिलजवळ न्यू मार्केटच्या डोंगरात आहे. मार्च 2019 मध्ये त्याचं मुख्य कार्यालय आगीत गेलं आणि वाहनतळावर गोऱ्या वर्चस्ववाद्यांची खूण रंगवलेली सापडली. तिथली गोलात मांडलेल्या डुलत्या खुर्च्यांची खोली कोणत्याही सभागृहापेक्षा सरस आहे. कामगार संघटना, युवक गट, आधीच चळवळीत असलेली माणसं यांच्यासाठी हायलँडर घ्या. चर्च, महाविद्यालय, कंपनी, मंडळ असा पहिल्यांदाच या वाटेला येणारा गट असेल तर पेन सेंटर, कारण इथे इतिहास आणि जमीन निम्मं काम करतात.

हायलँडरची एक पद्धत मात्र कुठेही गेलात तरी उचला. शेवटच्या सत्रात प्रत्येकाला विचारलं जाई: घरी जाऊन काय करणार? रोझा पार्क्सना तेव्हा मॉन्टगोमेरीत फारसं काही घडेल अशी आशा नव्हती आणि त्यांनी ते तसंच सांगितलं. चार महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, त्यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशाला द्यायला नकार दिला. हे सत्र चौथ्या दिवशी जेवणाआधी पूर्ण दोन तास ठेवा. कागदावर तीन रकाने: काय बदलायचं, तो निर्णय कोणाच्या हातात आहे, तारीख. 'अधिक संवेदनशील राहीन' हे उत्तर परत करा. 'आमच्या कार्यालयाच्या भरतीच्या जाहिरातीतली अमुक अट काढायला लावीन, संचालक मंडळाची बैठक 12 तारखेला' हे घ्या. तीस आणि नव्वद दिवसांनी फोन करणारी माणसं तिथेच नेमा.

अटलांटा, शार्लट किंवा आणखी कुठल्या महाराष्ट्र मंडळाने जायचं ठरवलं तर एक गोष्ट आधी ठरवा. भारतीय सहभागी गोऱ्या-काळ्यांच्या चर्चेत 'आम्ही दोघांतही नाही' म्हणत कडेला बसतात, किंवा आपल्या वाट्याला आलेला भेदभाव सांगतात आणि जातीवर गप्प राहतात. सिएटलने फेब्रुवारी 2023 मध्ये जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घातली, म्हणजे हा प्रश्न तिथेही पोचलेला आहे. 'इतर' गटात सवर्ण आणि दलित सहभागी एकत्र बसणार असतील, तर जातीचा विषय तिथे निघणार आणि तो निघायलाच हवा. त्यासाठी जात समजणारा फॅसिलिटेटर घ्या. आयत्या वेळी एखाद्या दलित सहभागीवर ते काम टाकू नका. आणि हा गट पेन सेंटरला पाहुणा म्हणून जातो: आपल्या प्रश्नाला दुसऱ्या दिवसाच्या दुपारची ती नव्वद मिनिटं, बाकी वेळ बेटाच्या प्रश्नाला.

आरक्षण किमान सहा महिने आधी करा. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास इथे हेरिटेज डेज हा उत्सव असतो, तेव्हा पाहायला जरूर जा, पण शिबिर घेऊ नका. आवारात गर्दी असते आणि ब्युफर्टमधल्या खोल्याही भरतात. रविवारी सकाळी ब्रिक चर्चच्या प्रार्थनेला बसायचं असेल तर चर्चला आधी कळवा, वेळेवर पोचा आणि शेवटपर्यंत बसा.